मालकी कोणाची, हात कोणाचा: लिनक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवताना

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवरील प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो, आणि ही मालकी जेथे नोंदवलेली असते त्या छोट्या तक्त्याला ‘आयनोड’ म्हणतात. फाइलीचा आकार, तिच्यात शेवटचा बदल कधी झाला, ती कोणी वाचावी, कोणी लिहावी, कोणी चालवावी आणि तिचा मजकूर डिस्कवर नेमका कोठे आहे, हे सारे त्याच तक्त्यात असते. मात्र मालक आणि गट यांची नावे आयनोडमध्ये कधीच लिहिलेली नसतात, तेथे केवळ दोन आकडे असतात: मालकाचा यूआयडी आणि गटाचा जीआयडी. फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही कमांड पडद्यावर जी नावे दाखवते, ती त्या क्षणी त्या यंत्रावरील ‘पासवर्ड’ आणि ‘ग्रुप’ या नोंदवह्यांमध्ये आकडा शोधून मिळवलेली असतात, आणि आकड्यासमोर नाव सापडले नाही तर ती कमांड नुसता आकडा छापून मोकळी होते. सॉफ्टवेअर बसवताना मालकी का चुकते याचे मूळ बहुतांशी या एका तपशिलात आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी अनेकांना तो माहीत असूनही ऐनवेळी त्यांच्या ध्यानात राहत नाही.

आकड्याला अर्थ असतो तो एका यंत्रापुरता. सर्व्हे नंबर ४८ म्हटले की कोणत्या गावचा हे सांगितल्याशिवाय जमीन कोणाची ते ठरत नाही, तसेच यूआयडी ४८ चे आहे. रेड हॅट घराण्यातील सर्व्हरवर हा आकडा अपाची या वेब सर्व्हरच्या खात्याचा असतो, तर डेबियन आणि उबुंटू यांवर वेब सर्व्हरचे खाते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाचे असून त्याचा आकडा ३३ असतो. शून्य हा आकडा मात्र सर्वत्र रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा. डेबियनमध्ये ० ते ९९ हे आकडे कायमचे वाटून दिलेले आहेत, १०० ते ९९९ हे सॉफ्टवेअर बसेल त्या क्रमाने सेवांच्या खात्यांना मिळत जातात, आणि माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये माणसांची खाती ५०० पासून सुरू होत आणि सातव्या आवृत्तीपासून तेथेही १००० हीच सीमा आली. मधल्या पट्ट्यातील आकडे ‘बसेल त्या क्रमाने’ मिळतात याचा परिणाम दूरवर पोहोचतो, कारण एकाच दिवशी उभारलेल्या दोन सर्व्हरवर दोन पॅकेजे उलट्या क्रमाने बसवली तर त्यांच्या खात्यांचे आकडे आपसांत बदललेले असू शकतात, आणि मग एकावरील फाइली आकड्यांसकट दुसऱ्यावर नेल्या की डेटाबेसची फाइल मेल सेवेच्या नावावर लागते.

मालकी आणि परवानगी यांत नेहमी गल्लत होते, म्हणून येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. परवानगी म्हणजे वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांची मुभा. मालकी म्हणजे ती मुभा बदलण्याचा अधिकार. एखादी फाइल ‘केवळ वाचण्यासाठी’ अशी ठेवली तरी तिचा मालक ती परवानगी स्वतःच बदलून तिच्यात लिहू शकतो, त्यामुळे चुकीच्या खात्याकडे मालकी गेली असेल तर परवानग्या कितीही काटेकोर असल्या तरी त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणूनच स्वतःची फाइल दुसऱ्याच्या नावे करून देण्याची मुभा लिनक्समध्ये सामान्य खात्याला नाही. जुन्या सिस्टम व्ही युनिक्समध्ये ती होती, परंतु बर्कलीच्या युनिक्सने डिस्कवापराच्या मर्यादा चुकवल्या जाऊ नयेत म्हणून ती काढून घेतली आणि लिनक्सने तोच मार्ग धरला. मालक बदलणारी ‘चोन’ ही कमांड त्यामुळे व्यवहारात रूटच्याच हाती असते.

नवी फाइल निर्माण होते तेव्हा तिचा मालक कोण, हे ती निर्माण करणाऱ्या प्रक्रियेच्या यूआयडीवरून ठरते. ती फाइल पुढे कोण वापरणार आहे, ती कोणत्या सेवेसाठी आहे, याचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, विचार करत नाही, कारण ते जाणून घेण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. सॉफ्टवेअर बसवण्याचे काम बहुधा रूटच्या अधिकाराने करावे लागते, कारण कार्यक्रम ज्या डिरेक्टरींमध्ये जातात त्या रूटच्या असतात. पण बसवलेले सॉफ्टवेअर चालते ते दुसऱ्याच, मुद्दाम अधिकार कमी ठेवलेल्या खात्याच्या नावाने. बसवणारा हात एक आणि वापरणारे खाते दुसरे, ही रचना सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, परंतु हस्तांतरणाची एक पायरी तिच्यात अपरिहार्य होते, आणि ती पायरी राहिली, जास्त झाली किंवा भलत्या ठिकाणी झाली की मालकी चुकते.

सर्वांत जुनी आणि आजही नित्य घडणारी चूक ‘टार’ संग्रहातून येते. अनेक फाइली एकत्र बांधून एकच गठ्ठा करणारे हे साधन मुळात चुंबकीय फितींसाठी घडले आणि त्याचे काम राखण म्हणजे बॅकअप घेणे हे होते, त्यामुळे गठ्ठ्यातील प्रत्येक फाइलीच्या शीर्षनोंदीत मूळ मालकाचा आकडा लिहिलेला असतो; १९८८ च्या पॉसिक्स प्रमाणकात आलेल्या स्वरूपामुळे आकड्याबरोबर मालकाचे आणि गटाचे नावही लिहिले जाऊ लागले. गठ्ठा सामान्य खात्याने सोडला तर सर्व फाइली त्या खात्याच्या होतात, पण तोच गठ्ठा रूटने सोडला तर टार मूळ मालकी जशीच्या तशी परत आणण्याचा प्रयत्न करतो. राखण परत आणताना हे वर्तन अगदी हवे तसे असते, मात्र परक्या यंत्रावर बांधलेले सॉफ्टवेअर बसवताना ते घातक ठरते, आणि या दोन प्रसंगांतील फरक टारला कळण्याचा काहीच मार्ग नाही.

हे कसे घडते ते एका उदाहरणात जवळून पाहता येते. मॅक संगणकावर तयार होणारे पहिले खाते यूआयडी ५०१ चे असते आणि त्याचा मुख्य गट ‘स्टाफ’ हा असून त्याचा आकडा २० असतो. अशा संगणकावर एखाद्या प्रोग्रामरने बांधलेला गठ्ठा डेबियन सर्व्हरवर रूटने सोडला, तर टार आधी नावे जुळवून पाहतो. प्रोग्रामरच्या नावाचे खाते सर्व्हरवर नसते म्हणून मालकाच्या जागी ५०१ हा आकडा जातो, पण ‘स्टाफ’ नावाचा गट डेबियनमध्येही असतो, त्याचा आकडा ५० असतो, आणि फाइली त्या स्थानिक गटाच्या होतात. नावे न जुळवता केवळ आकडे घ्या असा पर्याय दिला असेल तर मात्र गट २० होतो आणि डेबियनमध्ये २० हा आकडा ‘डायलआउट’ या, मोडेम आणि सिरीयल पोर्ट वापरण्यासाठी ठेवलेल्या गटाचा असल्यामुळे, वेबसाइटच्या फाइलींसमोर ‘५०१ डायलआउट’ अशी विचित्र जोडी दिसू लागते. ही जोडी दिसली की तो गठ्ठा मॅकवरून आला आहे हे अनुभवी प्रशासक लगेच ओळखतात. ५०१ हा आकडा सर्व्हरवर कोणाचाच नसेल तोवर नुकसान फारसे जाणवत नाही. पण गठ्ठा लिनक्सच्याच संगणकावर बांधलेला असेल तर मालकाचा आकडा बहुधा १००० असतो, आणि सर्व्हरवर १००० हा आकडा पहिल्या मानवी खात्याचा असतो. परिणामी रूटने बसवलेला आणि कदाचित रूटच्याच नावाने चालणारा कार्यक्रम एका सामान्य माणसाच्या मालकीचा होतो, म्हणजे त्या माणसाला, किंवा ज्याने त्याचा पासवर्ड चोरला त्याला, रूटच्या हातून काहीही करवून घेण्याची वाट मोकळी होते. हा सारा प्रकार कोणतीही तक्रार न नोंदवता, सॉफ्टवेअर उत्तम चालू असताना घडतो, म्हणून तो बंद पडणाऱ्या सेवेपेक्षा अधिक गंभीर मानला पाहिजे. रूटने गठ्ठा सोडताना ‘मूळ मालकी ठेवू नये’ असा पर्याय टारला स्पष्ट देणे हा यावरील साधा उपाय आहे आणि बसवण्याच्या बहुसंख्य सूचनांमध्ये तो अजूनही लिहिलेला नसतो.

लिनक्स वितरणांची पॅकेजे हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवतात, कारण पॅकेजमध्ये मालकी ही अपघाताने चिकटलेली गोष्ट न राहता विधानपूर्वक लिहिलेली गोष्ट होते. रेड हॅटच्या आरपीएम स्वरूपात प्रत्येक फाइलीच्या मालकाचे नाव नोंदवले जाते, आणि ते नाव यंत्रावर नसेल तर आरपीएम इशारा देऊन ती फाइल रूटच्या नावे करते. उगम संहितेची पॅकेजे उघडताना ‘मॉकबिल्ड नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही, रूट वापरत आहे’ अशा आशयाची जी ओळ अनेकांनी पाहिलेली असते तिचा अर्थ एवढाच, की पॅकेज ज्या यंत्रणेवर बांधले गेले तेथील खात्याचे नाव आत राहून गेले आहे. डेबियनमध्ये पॅकेज बांधणाऱ्याला रूटचे अधिकार न देता फाइली रूटच्या असल्याचे गठ्ठ्यात लिहिता यावे म्हणून ‘फेकरूट’ नावाचे साधन वापरले जाते, जे प्रत्यक्ष अधिकार न देता कार्यक्रमाला ‘तू रूट आहेस’ असे भासवते आणि मालकीचे काल्पनिक बदल स्वतःच्या वहीत टिपून ठेवते. हे साधन वापरायला बांधणारा विसरला तर त्याच्याच संगणकावरील आकडा पॅकेजमध्ये बसून सर्व वापरकर्त्यांच्या यंत्रांवर पोहोचतो, आणि अशी चूक पकडण्यासाठी डेबियनच्या ‘लिंटियन’ या तपासनीस कार्यक्रमात स्वतंत्र नियम ठेवलेला आहे.

तरीही पॅकेज बांधणाऱ्यांच्या हातूनही मालकीचे निर्णय चुकतात, आणि २०१६ साली डेबियनमध्ये उघडकीस आलेली दोन प्रकरणे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. पहिले प्रकरण एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पॅकेजचे, सीव्हीई-२०१६-१२४७ या क्रमांकाने नोंदवलेले. पॅकेजने लॉगची, म्हणजे नोंदींची, डिरेक्टरी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या खात्याच्या मालकीची केली होती, आणि वरवर पाहता त्यात गैर काही दिसत नाही, कारण नोंदी त्याच सेवेच्या असतात. परंतु लॉगच्या फाइली उघडण्याचे काम एनजिनएक्सची मुख्य प्रक्रिया करते आणि ती रूटच्या नावाने चालते. डिरेक्टरीचा मालक तिच्यातील कोणतीही फाइल काढून तिच्या जागी दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा, म्हणजे सिंबॉलिक लिंक, ठेवू शकतो. म्हणून वेबसाइटमधील एखाद्या दोषातून ज्याने वेब सर्व्हरचे खाते मिळवले आहे तो चुकांच्या लॉगच्या जागी यंत्रातील एखाद्या संवेदनशील फाइलीचा दुवा ठेवून थांबला, की रोजच्या लॉग-बदलाच्या वेळी रूटची प्रक्रिया त्या दुव्यामागे जाऊन ती फाइल तयार करी आणि वर तिची मालकी वेब सर्व्हरच्या खात्याला देई. दुरुस्ती साधी होती: लॉगची डिरेक्टरी रूटच्या मालकीची करणे. दुसरे प्रकरण टॉमकॅटचे, सीव्हीई-२०१६-१२४०. त्यात सेवा सुरू करणारी रूटची लिपी दर वेळी लॉगच्या फाइलीवर ‘चोन’ चालवत असे, आणि ‘चोन’ नेहमीप्रमाणे दुव्यामागे जात असल्यामुळे टॉमकॅटचे खाते हाती आलेला माणूस सेवा पुन्हा सुरू होताच पासवर्डांच्या फाइलीचा मालक होऊ शकत असे. दोन्ही प्रकरणांत पॅकेज बांधणाऱ्याचा हेतू सेवेला आपल्या लॉगमध्ये लिहिता यावे इतकाच होता, आणि गरजेपेक्षा थोडी अधिक मालकी दिल्यामुळे संपूर्ण यंत्र उघडे पडले.

वितरणांच्या पॅकेजांबाहेर जे आणखी एक जग आहे, म्हणजे पायथॉनचे पिप, पीएचपीचे कंपोझर, जावास्क्रिप्टचे एनपीएम यांसारख्या भाषांच्या स्वतंत्र पॅकेज व्यवस्थापकांचे, तेथे मालकीचा गोंधळ सर्वाधिक आहे. ही साधने मुळात प्रोग्रामरने स्वतःच्या होम डिरेक्टरीत वापरावीत अशी घडलेली आहेत, पण परवानगी नाकारल्याची ओळ दिसली की पुढे ‘सुडो’ लावून तीच कमांड पुन्हा चालवण्याची सवय सर्वत्र रुजलेली आहे. सुडो ही कमांड पुढील काम रूटच्या नावाने करून देते, परंतु होम डिरेक्टरी कोणती हे सांगणारे चल मूळ माणसाचेच राहिले तर रूट त्या माणसाच्या घरात जाऊन तात्पुरत्या साठवणुकीच्या फाइली, म्हणजे कॅश, स्वतःच्या मालकीच्या निर्माण करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला स्वतःच्याच घरातील फाइली पुसता येत नाहीत. उबुंटूमध्ये हे चल असेच राहत असे. ती वागणूक १९.१० या आवृत्तीत बदलली. पिप अशा वेळी कॅश डिरेक्टरी चालू खात्याच्या मालकीची नसल्याचा इशारा देऊन ती वापरणे थांबवते, कंपोझर रूटच्या नावाने चालवू नका असे बजावते, आणि एनपीएमचा संदेश तर थेट दुरुस्तीची कमांडच लिहून देतो. मॅकवर त्या कमांडमध्ये ५०१ आणि २० हेच आकडे आढळतात.

एनपीएमच्याच इतिहासातील एक घटना या लेखाच्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. रूटच्या मालकीच्या फाइली लोकांच्या डिरेक्टरींमध्ये साचू नयेत म्हणून एनपीएममध्ये डिरेक्टरी निर्माण करणारे एक खास फंक्शन लिहिलेले होते, जे सुडोने ठेवलेल्या पर्यावरण-चलांवरून मूळ माणूस कोण हे ओळखून डिरेक्टरीची मालकी त्याच्याकडे परत करी. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ५.७.० या आवृत्तीत या फंक्शनचा वापर, सुसंगती वाढावी या चांगल्या हेतूने, आणखी ठिकाणी करण्यात आला, आणि त्यांत जेथे साधी डिरेक्टरी निर्माण करणारे फंक्शनच योग्य होते अशी ठिकाणेही आली. परिणाम असा झाला की काही सर्व्हरवर सुडो लावून एनपीएम चालवताच यंत्राच्या सेटिंग्ज असलेली ईटीसी, कार्यक्रमांची यूएसआर आणि यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींची बूट या डिरेक्टरींची मालकी रूटकडून काढून सुडो चालवणाऱ्या सामान्य माणसाकडे गेली. सुडोशिवाय, प्रत्यक्ष रूट म्हणून चालवणाऱ्यांना हा फटका बसला नाही, कारण मूळ माणसाचा आकडा सांगणारे चलच तेथे नव्हते. ही आवृत्ती ‘नेक्स्ट’ या खुणेखाली, म्हणजे सर्वसाधारण वापरासाठी जाहीर होण्याआधीच्या टप्प्यावर होती, तरी तिच्या क्रमांकात ती कच्ची असल्याची कोणतीही खूण नव्हती आणि सर्व्हर चालवणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली. पाठोपाठ आलेल्या ५.७.१ ने तो बदल मागे घेतला. मालकी दुरुस्त करण्यासाठी लिहिलेल्या संहितेनेच मालकी मोडावी हा योगायोग नव्हे: फाइल कोणाची असायला हवी हे फाइलीच्या ठिकाणावरून आणि कामावरून न ठरवता कमांड चालवणाऱ्या माणसावरून ठरवले, तर हेतू कितीही चांगला असला तरी हाच शेवट संभवतो.

अशा यंत्रावर पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे, कारण लिनक्समधील जबाबदारीची साधने मालकी तपासूनच काम करतात आणि ती चुकलेली दिसताच स्वतःहून थांबतात. सुडो आपल्या नियमांच्या फाइलीचा मालक शून्य क्रमांकाचा नसेल तर तसे सांगून नकार देते, त्यामुळे दुरुस्तीसाठी रूट होण्याची नेहमीची वाटच बंद होते. दूरच्या यंत्रात प्रवेश देणारी एसएसएच सेवा होम डिरेक्टरीची मालकी दुसऱ्याकडे गेलेली आढळल्यास किल्लीने प्रवेश नाकारते, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कारण न सांगता ते आतल्या लॉगमध्ये लिहून ठेवते. पोस्टग्रेस हा डेटाबेस आपल्या माहितीच्या डिरेक्टरीचा मालक दुसरा आहे असे दिसताच सुरू व्हायचे नाकारतो. वर्डप्रेसची वागणूक याहून फसवी आहे: सुधारित आवृत्ती बसवण्याआधी ते एक तात्पुरती फाइल निर्माण करून तिचा मालक आणि स्वतःच्या संहितेचा मालक एकच आहे का हे पडताळते, आणि तसे नसेल तर एकाएकी एफटीपीचे नाव आणि पासवर्ड मागते, ज्यावरून मूळ अडचण मालकीची आहे हे नवख्या माणसाच्या लक्षात येणे कठीण असते.

येथेच बहुसंख्य लोक दुसरी, अधिक मोठी चूक करतात. सेवा लिहू शकत नाही असे दिसले की संपूर्ण वेबसाइटच्या डिरेक्टरीवर, आतील सर्व फाइलींसकट, वेब सर्व्हरच्या खात्याची मालकी लावून टाकायची, हा उपाय सर्वत्र सांगितला जातो आणि तो लगेच लागू पडतो. त्यामुळे अडचण मिटते खरी, पण संहिताही सेवेच्या मालकीची होते, म्हणजे वेबसाइटमधील एखादा छोटा दोष वापरून आत आलेला माणूस आता त्या संहितेतच कायमचा बदल करून ठेवू शकतो. योग्य विभागणी याच्या उलट आहे: कार्यक्रमाची संहिता आणि सेटिंग्ज रूटच्या किंवा निराळ्या देखभाल-खात्याच्या मालकीच्या असाव्यात, आणि सेवेच्या मालकीची असावी केवळ ती जागा, जेथे तिला लिहावेच लागते, जसे की अपलोड केलेली चित्रे, कॅश आणि डेटाबेसची माहिती. अलीकडे, सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमुळे ही विभागणी सेवेच्या व्याख्येतच लिहिता येते. सेवेला कोणती डिरेक्टरी हवी हे तेथे नोंदवले की सेवा सुरू होताना ती डिरेक्टरी नेमक्या खात्याच्या मालकीची करून दिली जाते, आणि कोणाला ‘चोन’ हाताने चालवावे लागत नाही. जेथे शक्य आहे तेथे हाच मार्ग स्वीकारावा.

डॉकरसारख्या कंटेनरांनी जुनाच प्रश्न नव्या जागी आणून ठेवला. कंटेनरच्या आत स्वतःच्या नोंदवह्या असतात, पण कर्नल एकच असतो आणि तो आकडेच जाणतो. पोस्टग्रेसच्या अधिकृत प्रतिमेत, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो त्या साच्यात, डेटाबेसच्या खात्याचा आकडा डेबियनवर आधारित प्रतिमेत ९९९ आणि अल्पाइनवर आधारित प्रतिमेत ७० असतो, त्यामुळे माहिती तीच ठेवून केवळ प्रतिमा बदलली तरी डेटाबेस आपल्याच फाइलींना परका होतो. आणि यजमान सर्व्हरवर त्याच ९९९ आकड्यासमोर भलत्याच सेवेचे नाव दिसते. आकड्यांचा वेगळा पट्टा प्रत्येक कंटेनरला नेमून देण्याची सोय कर्नलच्या ३.८ आवृत्तीत, २०१३ साली, पूर्णपणे वापरण्याजोगी झाली, आणि माउंट करतानाच आकड्यांचे रूपांतर करण्याची सोय ५.१२ मध्ये, २०२१ साली आली.

मालकी बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती किती सोपी हे पॅकेज-व्यवस्थापकाने काय लिहून ठेवले आहे यावर अवलंबून असते. आरपीएममध्ये पडताळणीची कमांड प्रत्येक फाइलीसमोर अक्षरांची एक ओळ छापते आणि त्यांतील ‘यू’ व ‘जी’ ही अक्षरे अनुक्रमे मालक आणि गट बदलल्याचे सांगतात. मालकी मूळपदावर आणण्याची आणि परवानग्या मूळपदावर आणण्याची अशा दोन वेगळ्या सोयीही त्यात आहेत. त्या वापरताना क्रम महत्त्वाचा आहे. ज्या कार्यक्रमावर ‘सेटयूआयडी’ ही खूण असते तो चालवणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या अधिकाराने चालतो, आणि डेनिस रिची यांना १९७९ साली जिचे अमेरिकी पेटंट मिळाले ती ही कल्पना सुडोसारख्या साधनांचा पाया आहे. परंतु मालक बदलताच कर्नल ती खूण सुरक्षिततेसाठी पुसून टाकतो. म्हणून आधी मालकी आणि नंतर परवानग्या हाच क्रम पाळावा लागतो, आणि जो प्रशासक घाईने साऱ्या यूएसआर डिरेक्टरीवर रूटची मालकी लावून थांबतो, त्याची मालकी बरोबर होते पण सुडो चालत नाही. डेबियनची पडताळणी मुख्यतः मजकुराची पडताळणी-बेरीज, म्हणजे चेकसम, तपासते, मालकी तपासत नाही, त्यामुळे तेथे पॅकेजे पुन्हा बसवणे किंवा त्याच आवृत्तीच्या निरोगी सर्व्हरवरून मालकीची यादी आणणे हे मार्ग उरतात. ‘गेटफॅक्ल’ या कमांडने घेतलेल्या यादीत मालक, गट आणि विशेष खुणा या तिन्ही असतात आणि ‘सेटफॅक्ल’ ती यादी वाचून फाइली पूर्ववत करू शकते. अशी यादी मोठे सॉफ्टवेअर बसवण्याआधी त्याच सर्व्हरवर काढून ठेवली तर जुळा सर्व्हर शोधण्याची वेळच येत नाही. ती नावांनी घ्यावी की आकड्यांनी हेही विचारपूर्वक ठरवावे: त्याच यंत्रासाठी आकडे, दुसऱ्या यंत्रासाठी नावे.

शेवटी सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा विचार करावा लागतो, जो बसवण्याच्या विचारात सहसा येत नाही. पॅकेज काढताना त्याचे खातेही पुसले तर त्याच्या मागे राहिलेल्या माहितीच्या आणि लॉगच्या फाइली नुसत्या आकड्याच्या नावे पडून राहतात, आणि पुढे बसवलेल्या एखाद्या नव्या सेवेला तोच मोकळा झालेला आकडा मिळाला तर त्या सर्व फाइली, कोणी काही न करता, तिच्या मालकीच्या होतात. याच कारणासाठी सेवांची खाती पुसण्यापेक्षा बंद करून ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. ज्यांच्या आकड्यासमोर नाव उरलेले नाही अशा फाइली शोधण्याची सोय ‘फाइंड’ या कमांडमध्ये आहे, आणि ती शोधमोहीम पॅकेज काढल्यानंतर लगेच घ्यावी, कारण आकडा एकदा नव्या खात्याला मिळाला की त्या फाइली त्या यादीत पुन्हा दिसत नाहीत.